जखमेवर काय, आणि पायाखाली काय?

ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क गेलं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना जिथे अडखळले तिथे थोडं सरळ केलंय, बाकी सगळं तसंच.

आजचा विषय एका मेडिकलच्या काउंटरवर सुरू होतो. माझ्या मामांची पिठाची गिरणी आहे. शुगर पंधरा-सोळा वर्षांची जुनी. एके दिवशी मामीला गिरणीतल्या पांढऱ्या फरशीवर पिठात उमटलेले लाल ठसे दिसले. उजव्या पायाचे. चपलेतला खिळा वर येऊन तळपायात घुसला होता, अंगठ्याच्या बुडाशी, आणि मामा सकाळपासून त्यावर उभे होते. त्यांना कळलंच नव्हतं. दुखलंच नाही तर कळणार कसं?

तेव्हा मी सुट्टीला तिथेच होते, त्यामुळे रोजचं ड्रेसिंग माझ्याकडे आलं. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाल्याने समोर पाच-सहा पाकिटं ठेवली. साधं गॉज, पॅराफिनची जाळी, आयोडीनवालं, फोम, समुद्री शेवाळापासून बनवलेलं, आणि सगळ्यात महाग ते चांदीवालं. मला म्हणाला, "ताई, कुठलं देऊ?"

मी चांदीवालं घेतलं. महाग म्हणजे चांगलं असणार, एवढाच माझा अभ्यास.

तर आजची गोष्ट त्या पाकिटांची आहे. ही पाकिटं आली कुठून, कुणी कशासाठी बनवली, आणि त्या काउंटरवर मला खरं तर कुठला प्रश्न विचारायला हवा होता.

सुश्रुतांची एक ओळ

सुरुवात जुन्यापासून करू. सुश्रुतसंहितेत जखमेसाठी, म्हणजे व्रणासाठी, साठ उपक्रम सांगितलेत. पट्टी बांधायचे चौदा प्रकार आहेत. कुठल्या अवयवाला कुठला बंध, कुठे घट्ट, कुठे सैल, पट्टीला कापूस घ्यायचा की रेशीम की लोकर, सगळं आहे. म्हणजे "कुठलं देऊ?" हा प्रश्न तेव्हाही होता.

पण मला त्यातली वेगळीच जागा महत्त्वाची वाटते. सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात कुणाच्या जखमा मुश्किलीने भरतात याची यादी आहे. त्यात कुष्ठाचे रुग्ण आणि मधुमेहाचे रुग्ण एकाच श्लोकात येतात. आता आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द बऱ्याच त्वचारोगांना मिळून वापरतात, नुसत्या महारोगाला नाही, हे खरं. तरीही ही जोडी लक्षात ठेवा. एपिसोडच्या शेवटी ती परत येणार आहे, आणि तेव्हा ती तामिळनाडूत असेल.

कोरडं, कोरडं, आणखी कोरडं

आता थेट एकोणिसाव्या शतकात. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या सर्जनने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी लावली. गाडीचं चाक पायावरून जाऊन हाड मोडलं होतं आणि कातडी फाटली होती. त्या काळी अशा पायाचं बहुतेक वेळा एकच व्हायचं, कापायचा. हा पाय वाचला. जखम जंतूंमुळे सडते आणि जंतू मारता येतात, हे डॉक्टरांना पटायला तिथून सुरुवात झाली.

त्यानंतर १८८० मध्ये बर्मिंगहॅमच्या सॅम्प्सन गॅमजी या सर्जनने गॉजच्या दोन थरांमध्ये कापूस घालून एक पॅड बनवलं. जखमेतून येणारी लस शोषून घ्यायची आणि जखम कोरडी ठेवायची. हे पॅड आजही 'गॅमजी' म्हणूनच ओळखलं जातं.

आता गंमत ऐका. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये भारतातला पहिला सिनेमा दाखवला गेला. लुमिएर बंधूंचा. शाळेत आपण हे पाठ केलेलं असतं. पण त्या दोन भावांपैकी मोठा, ओग्युस्त लुमिएर, नंतर वैद्यकीय संशोधनाकडे वळला. पहिल्या महायुद्धात त्याच्यासमोर एक साधा प्रश्न होता. गॉज जखमेला चिकटतं. काढताना त्याच्यासोबत नुकतीच आलेली नवी कातडी सोलून निघते आणि सैनिक किंचाळतो. त्याने पडद्याच्या कापडासारखी विरळ जाळी घेतली आणि ती पॅराफिनमध्ये माखली. ती चिकटत नाही. मेडिकलच्या काउंटरवरची पॅराफिनची जाळी ती हीच. सिनेमावाल्या माणसाची.

त्याच युद्धात, १९१५ च्या सुमारास, क्लोरीनचे द्राव आले. हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल या जोडीने फ्रान्समध्ये एक वापरला, आणि एडिंबरा विद्यापीठात दुसरा तयार झाला, युसोल. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांमध्ये युसोलचा तो ब्लीचसारखा वास पुढे कित्येक दशकं होता. तुमच्या आजीला विचारा, तिला आठवत असेल.

म्हणजे या सगळ्या काळात डोक्यात दोनच गोष्टी होत्या. जंतू मारा, आणि जखम कोरडी करा. आपल्या घरातही तेच ना? "उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे."

इन्सुलिनने वाचवलं, आणि मग पाय

इथे एक वळण आहे. ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी ज्या मुलांना डायबेटीस व्हायचा ती फार जगायची नाहीत. इन्सुलिनमुळे माणसं जगायला लागली. दहा वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं. आणि इतकी वर्षं रक्तात साखर राहिली की नसा मरतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात. आधी मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो.

बॉस्टनचे डॉक्टर इलियट जोस्लिन यांनी १९३४ मध्ये एक लेख लिहिला. त्यांना दिसत होतं की डायबेटीसच्या कोमाने मरणारे कमी झालेत, पण पाय सडून येणारे वाढलेत. त्यांचं म्हणणं होतं की हे गँगरीन काही आभाळातून पडत नाही. पायाची रोजची स्वच्छता, नखं नीट कापणं, बूट बघून घेणं, यानं ते टाळता येतं. त्यांनी आपल्या दवाखान्यात पाय बघणारी माणसं नेमली. नव्वद वर्षं झाली या गोष्टीला.

खपलीचा पराभव

१९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकाने 'नेचर' मासिकात एक छोटा लेख छापला. त्याने डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, त्यांच्यावर छान खपली धरली. काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला, त्या ओलसर राहिल्या. पॉलिथिनखालच्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली.

कारण साधं आहे. नवी कातडी जखमेच्या कडेने आत सरकत येते. ओलसर जागेवर ती सरळ सरकते. खपली असेल तर त्या वाळलेल्या थराच्या खालून तिला वाट काढत जावं लागतं. पुढच्याच वर्षी माणसांवरही असाच प्रयोग झाला आणि तेच दिसलं.

म्हणजे आजीचं "वारा लागू दे" आणि मोठमोठ्या हॉस्पिटलांचं "कोरडं ठेवा", दोन्ही एकदम चुकीचं ठरलं. तिथून कंपन्यांची रांग लागली. पारदर्शक पापुद्रे आले. जखमेची लस पिऊन जेलीसारखी होणारी ड्रेसिंग आली. फोम आले. शेवाळाची आली, जी पाणी शोषून मऊ जेल होतात. कोरड्या जखमेला ओल देणारी जेल आली. त्या काउंटरवरची निम्मी पाकिटं विंटरच्या डुकरांची नातवंडं आहेत.

यातून निवडायचा नियमही तयार झाला, आणि तो अजूनही बरोबर आहे. जखमेतून खूप पाणी येतंय? शोषणारं घ्या, फोम किंवा शेवाळाचं. जखम कोरडी पडलीय? ओल देणारं. नवी गुलाबी कातडी येतेय? न चिकटणारं. एक अपवाद मात्र नीट ऐका. रक्तपुरवठा बंद होऊन बोट काळं, कोरडं पडलं असेल तर त्याला घरी ओल द्यायची नाही, कोरडंच ठेवायचं आणि त्याच दिवशी सर्जन गाठायचा.

मग सगळ्यात चांगलं कुठलं?

एक गोष्ट विसरू नका. विंटरची डुकरं तरुण होती, धडधाकट होती, जखमा पाठीवर होत्या. पाठीवर कुणी चालत नाही. माझ्या मामांची जखम होती तळपायावर.

तर डायबेटीसच्या पायावर काय? ब्रिटनमध्ये ३१७ रुग्णांवर एक चाचणी झाली, निकाल २००९ मध्ये आला. तीन ड्रेसिंग समोरासमोर. एक साधी न चिकटणारी जाळी, एक आयोडीनवाली, एक आधुनिक, लस पिऊन जेल होणारी. २४ आठवड्यांनी बघितलं तर जखमा भरण्यात तिघांत फरक नाही. खर्चात फरक होता. सगळ्यात साधी जाळी सगळ्यात स्वस्त.

मी हे वाचलं तेव्हा मला त्या चांदीच्या पाकिटांची बिलं आठवली. डायबेटीसच्या पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा सल्लाही आज हाच आहे, की नुसती जखम लवकर भरावी म्हणून चांदी, मध किंवा जंतुनाशकवालं ड्रेसिंग वापरू नका.

मध म्हटल्यावर काहीजण नाराज होतील. आपल्याच सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या जखमांवर मध लावून त्याचे निकाल इंग्लंडच्या नावाजलेल्या सर्जरीच्या मासिकात छापले. मुंबईत वाडिया हॉस्पिटलमध्ये डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर लावून भाजलेल्या मुलांसाठी ड्रेसिंग बनवलं. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग केलं. पान चिकटत नाही, पट्टी काढताना दुखत नाही, आणि खर्च जवळजवळ नाहीच. मला या तिन्ही कामांचा अभिमान वाटतो. पण ती भाजलेल्या कातडीसाठी आहेत. भाजलेल्या हातासाठी जे चाललं ते बधिर तळपायासाठी चालेलच असं नाही. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येतो तेव्हा नेमका हाच भाग गळालेला असतो.

हां, एक ड्रेसिंग मात्र चाचणीत खरंच पुढे निघालं. २०१८ मध्ये निकाल आला, युरोपातल्या २४० रुग्णांवरचा. ज्यांच्या नसाही बिघडलेल्या आणि रक्तपुरवठाही थोडा कमी, असे रुग्ण. वीस आठवड्यांत त्या ड्रेसिंगच्या गटात ४८ टक्के जखमा बंद झाल्या, दुसऱ्या गटात ३० टक्के. आणि त्यातलं औषध कशापासून बनलंय माहितीय? सुक्रोजपासून. म्हणजे साखरेपासून! पण तिथेही लक्षात घ्या, निम्म्याहून जास्त जखमा वीस आठवड्यांत बंद झाल्याच नाहीत. आणि दोन्ही गटांना बाकीचे उपचार चांगले मिळत होते, पायावरचा भार काढण्यासकट.

पायावरचा भार. आता आपण तामिळनाडूत जाऊ.

वेल्लोरचं प्लास्टर

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. आई-वडील मिशनरी. लंडनमध्ये सर्जन होऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले.

तेव्हा सगळ्यांची समजूत अशी होती की कुष्ठरोगात मांसच खराब होतं, म्हणून जखमा भरत नाहीत आणि बोटं झडतात. ब्रँड यांनी बारकाईने बघायला सुरुवात केली. एक रुग्ण गंजलेल्या कुलपात किल्ली पिरगाळतो, बोट हाडापर्यंत कापतं, त्याला कळत नाही. त्यांच्या लक्षात आलं की मांस चांगलं आहे. ते इतर कुणाच्याही मांसासारखंच भरतं. गेली आहे ती वेदना. तुमच्या-माझ्या पायाला फोड आला की आपण लंगडतो. ते लंगडणं हाच उपचार असतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो त्याच जागेवर पाऊल टाकत राहतो, दिवसातून हजारो वेळा, आणि रात्री पट्टी बदलतो.

यावर उपाय होता प्लास्टर. हाड मोडल्यावर घालतात तसंच, पण पायाच्या आकाराला अगदी चिकटून. तळपायाच्या जखमांना असं प्लास्टर घालायची पद्धत १९३० च्या दशकातच श्रीलंकेत आणि भारतात कुष्ठरुग्णांसाठी सुरू झाली होती. ब्रँड यांनी ती मनावर घेतली. प्लास्टरमुळे भार एका ठिकाणी न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. जखमेला श्वास मिळतो. आणि जखम भरल्यावर ती परत होऊ नये म्हणून वेल्लोरच्या कामातून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल पुढे आली. आज दुकानात 'एमसीआर चप्पल' मिळते ना, शुगरवाल्यांसाठी? ती मूळची कुष्ठरुग्णांची.

१९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेत गेले, लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात. तिथे त्यांच्या लक्षात आलं की डायबेटीसच्या रुग्णांचे पाय अगदी असेच दिसतात. तीच जागा, तीच गोल जखम, भोवती तोच जाड घट्टा. मग तेच प्लास्टर डायबेटीसच्या पायांना घातलं गेलं, आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरायला लागल्या.

सुश्रुतांची ती जोडी आठवली? कुष्ठ आणि मधुमेह, एकाच श्लोकात.

आकडे सांगते. २००१ मध्ये अमेरिकेत ६३ रुग्णांवर चाचणी झाली. बारा आठवड्यांत प्लास्टरवाल्या शंभरातल्या जवळपास ९० जखमा भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटात ६५. टाचेवर चालायच्या अर्ध्या बुटात ५८. प्लास्टर आणि बूट भार जवळपास सारखाच कमी करतात, मग फरक का? दोन वर्षांनी त्याचं उत्तर मिळालं. काही रुग्णांच्या कमरेला आणि बुटालाही पावलं मोजणारं यंत्र लावलं. दिवसभरातल्या हालचालीपैकी फक्त २८ टक्के वेळा बूट पायात होता. घरात शिरलं की लोक बूट काढत होते. दुखत नाही ना, मग कशाला! प्लास्टर काढता येत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

ड्रेसिंगच्या कुठल्याही चाचणीत मला एवढा फरक दिसलेला नाही.

मामांचा पाय

आता मामांकडे परत येते. सहा आठवडे मी रोज संध्याकाळी त्यांचा पाय मांडीवर घेऊन ड्रेसिंग केलं. चार प्रकार बदलले. हात धुऊन, ग्लोव्ह घालून, सगळं नीट. आणि रोज सकाळी मामा त्याच पायावर उभे राहून दहा तास गिरणी चालवत होते. मी त्यांना एकदाही विचारलं नाही, "मामा, दिवसभर तुम्ही कशावर उभे असता?" आणि मला कुणी सांगितलं नाही की विचार. सातव्या आठवड्यात पू हाडापर्यंत गेला आणि अंगठा काढावा लागला.

अंगठा गेला की त्याचा भार शेजारच्या बोटाच्या बुडावर येतो. वर्षभरात तिथे नवी जखम झाली. या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ड्रेसिंगबद्दल काही विचारलंच नाही. आधी पायाची नाडी बघितली, रक्तपुरवठा ठीक आहे का ते तपासलं. नायलॉनच्या एका तारेने तळपायाला ठिकठिकाणी टोचलं, मामांना एकाही ठिकाणी कळलं नाही. जखमेत पू नाही याची खात्री केली, कारण पू असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर प्लास्टर धोक्याचं. भोवतीचा घट्टा कापून काढला. मग जखमेवर सगळ्यात साधी, न चिकटणारी जाळी ठेवली आणि वरून प्लास्टर घातलं. दर आठवड्याला बदलायचं.

मामा म्हणाले, "अगं, हे काय, पाय मोडलाय का माझा?" गिरणी मामीने आणि शेजारच्या पोराने सांभाळली. आठव्या आठवड्यात जखम बंद झाली. जाळीला किती खर्च आला ते मला आठवतही नाही, इतका कमी होता.

मी ही गोष्ट ड्रेसिंगला नावं ठेवायला सांगत नाहीये. चिकटणारं गॉज सोलून काढण्यापेक्षा लुमिएरची जाळी हजारपट बरी. पाणी येणाऱ्या जखमेवर फोम खरंच उपयोगी पडतो. पण ती निवड चौथ्या-पाचव्या नंबरची आहे. आधी रक्त पोचतंय का, मग पू आहे का, मग मेलेलं मांस आणि घट्टा काढलाय का, मग पायावरचा भार काढलाय का. शुगर तर ताब्यात हवीच. आणि त्यानंतर, काउंटरवर, "कुठलं देऊ?"

आपल्याकडे पाय हा विषयच अवघड. देवळात चप्पल बाहेर, उन्हात तापलेली फरशी. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी. घरात तर चप्पल नाहीच. ज्याचा पाय बधिर आहे त्याला चटका बसलेला कळत नाही, काच लागलेली कळत नाही. श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही. पण घरात शुगरचं माणूस असेल तर आज रात्री एक काम करा. मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यांचा तळपाय बघा. बोटांच्या मधेसुद्धा. चपलेत हात घालून खिळा वर आलाय का चाचपून बघा. लाजतील, "अगं पायाला काय हात लावतेस" म्हणतील. तरी बघा. आणि जखम दिसली तर मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरकडे जा, आणि तिथे विचारा, "यावरचा भार कसा काढायचा?"

मामा आता गिरणीत उंच स्टुलावर बसतात, पायात एमसीआर चप्पल. रोज रात्री मामी टॉर्च लावते. ते अजून कुरकुरतात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.